फुटलेली हळद

शिरवणे गावात गोटीराम येतोय हे कळायला मान वळवायला लागत नसे. आधी वास यायचा, मागून गोटीराम. कंपनीत गुलाबाची बॅच असली की गुलाब, चंदनाची असली की चंदन. देवळापुढे बसलेले म्हातारे डोळे मिटूनच म्हणायचे, "आयला रं क्रीमवाला." गोटीरामही मग तोऱ्यात, "चंदन हाय आज. भरून घ्या नाकात, फुकाट हाय."

त्याच्या बापाची भातशेती होती, खाडीच्या अंगाला मिठागरात एक वाटा होता. शहर आलं आणि जमीन गेली. गावाच्या पाठीमागे कारखान्यांचा पट्टा उभा राहिला तशा पोरांना नोकऱ्या लागल्या, कुणाला गेटवर, कुणाला बागेत झारी धरायला. गोटीराम एका क्रीमच्या कंपनीत टाक्या धुवायला लागला आणि हळूहळू मिक्सरवर चढला. तिथेच रिटायर झाला. सबंध जन्म क्रीममध्ये कोपरापर्यंत हात घालून काढल्यानं त्याचे तळहात बाईपेक्षा मऊ. भावकीतले त्यावरूनही बोलायचे. "हात बगा, नि बापाचं बगा. बापाच्या हातावर मीठ वालत होता."

काम सांगायला सोपं होतं. एका टाकीत गरम पाणी, दुसरीत गरम तेल आणि मेण. तेल बारीक धारेनं पाण्यात सोडायचं आणि मशीन असं फिरवायचं की तेलाचे डोळ्यांना न दिसणारे थेंब व्हावेत आणि पाण्यात अडकून बसावेत. तेल आणि पाणी म्हणजे एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ, आणि मेण म्हणजे त्यांच्यामधला बांध. जमलं की पांढरीशुभ्र, घट्ट, चमचा उभा राहील अशी क्रीम होते. लॅबवाले तिला इमल्शन म्हणत. गोटीराम एवढंच म्हणायचा, "धरली." मशीनचा आवाज जड झाला की न बघता सांगायचा.

नोकरीतून त्याने दोन गोष्टी शिकून घेतल्या होत्या, कुणी न शिकवता. एक, जे दाट ते टिकतं. पातळ लोशनचं काही खरं नाही, पण चमचा उभा राहिला की ती क्रीम जन्मात हलत नाही. दुसरी गोष्ट बादलीची. प्रत्येक सुगंधी बॅचमध्ये एक बादली जाडं, बिनवासाचं, कसलंच रूप नसलेलं तेल पडायचं. ते का, हे त्याने लॅबच्या चारुलता मॅडमना कधी विचारलं नाही. स्वतःच ठरवून टाकलं, मालकाची बचत. दूधवाला पाणी घालतो, कंपनी जाडं तेल घालते. आपण कामगार, आपण बादली ओतायची नि गप्प बसायचं.

त्याची बायको गोजरा सारसोळ्याची. तिचं नाव गावात वेगळ्या कारणानं होतं. शिरवण्यात कुठल्याही घरात पोरीची हळद असली की पाट्यावर गोजरा बसायची. हळकुंडं ती स्वतः निवडायची, भिजवायची, कुटायची, मग खोबरेल घालत पाट्यावर असं वाटायची की बाकीच्या बाया नुसत्या बघत राहायच्या. सुरुवातीला चिमूटभर जाडं मीठ टाकायची. ही तिच्या सासूची, या घराची रीत. सासू म्हणायची, अंगाला खाडी लागल्याबिगर आपल्या घरातून पोर नवरी होऊन जात नाय. मिठागर कधीच गेलं होतं, रीत राहिली होती. मांडवात धवलारीण शकुबाई लग्नाची गाणी म्हणायला बसली की पहिली हाक मारायची ती गोजराला, "हलद आन गो, गला तापलाय माजा."

त्यांना एकच मुलगी, मनस्वी. सीवूड्सच्या मॉलमध्ये कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात कामाला. तिचं लग्न ठरलं आणि महिनाभर आधी ती आईला म्हणाली, "आई, ती खरखरीत हळद नको हां. फोटोत तोंडाला चिखल लावल्यासारखी दिसते. आणि तेल लेहेंग्याला लागलं की गेला लेहेंगा."

गोजरा काही बोलायच्या आत गोटीराम म्हणाला, "मी बनवतो. अशी हलद बनवतो की पोरी विचारतील कुटल्या कंपनीची."

"मंग मी काय करू?" गोजराने विचारलं.

"तू मिरव. नवरीची आयस हायस. सगल्यांच्या पोरींची वाटलीस, आता आपल्या पोरीच्या टायमाला बस जरा खुर्चीवर."

त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की आपण बायकोचे कष्ट वाचवतोय. पण त्याहून जास्त त्याला आणखी एक गोष्ट हवी होती. सबंध आयुष्य त्याने दुसऱ्याच्या नावाच्या डब्यांत क्रीम भरली होती. एकदा तरी गावानं आपल्या हातची क्रीम बघावी.

जुन्या सोबत्याकडून त्याने मेण आणलं, आणि हलकं तेल आणलं, लावलं की उडून जाणारं, बोटाला न चिकटणारं. मनस्वीला तेच हवं होतं. त्यात संत्र्याच्या वासाचं सेंट मोकळ्या हातानं ओतलं. जाड्या तेलाची आठवण त्याला आली, नाही असं नाही. पण पोरीच्या हळदीत भेसळ कोण करतं? नेरूळच्या एका डेअरीवाल्याकडून लस्सी घुसळायचं मशीन मागून आणलं, हळदीचं पाणी गाळून घेतलं आणि हळदीच्या चार दिवस आधी मागल्या खोलीत स्टीलचा ड्रम मांडला. क्रीम जमली ती बघण्यासारखी. पिवळी, चकचकीत, झेंडूच्या रंगाची. पातळ वाटते म्हणून त्याने आणखी तेल सोडलं, आणखी दाट केली. चमचा उभा केला आणि गोजराला हाक मारून दाखवला.

"बरी झाली," ती म्हणाली. मग विचारलं, "मीठ?"

"मीठ नाय टाकायचा. मीठ म्हंजे क्रीमचा दुश्मन. कंपनीत एकदा मिठानं आख्खी टाकी फुटलेली, तेल येगला, पानी येगला."

"चिमूटभर, रीत म्हून."

"नाय बोललो ना."

ती आत गेली.

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला. डीजेवाल्याने जरा वेळ आवाज बंद केला, कारण नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या होत्या आणि शकुबाई गायला बसली होती. मनस्वी पाटावर. गोटीरामने स्वतः ड्रम आणला, मधोमध ठेवला, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि झाकण काढलं.

वर बोटभर पिवळं तेल तरंगत होतं. त्याखाली दूध नासावं तसे गोळे. त्याने पळी घातली तर तळाला गढूळ पाणी लागलं.

शकुबाईचं गाणं मध्येच थांबलं. ती मुद्दाम थांबली नाही, तिला पुढची ओळ सुचेना. नवऱ्याकडची एक आत्या दुसरीला म्हणाली, हळू म्हणाली पण मांडव गप्प होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं, "हलद फुटली गो नवरीची." दुसरीने पदर तोंडाला लावला. मनस्वी पाटावरून वर बघत होती, आधी आईकडे, मग बापाकडे.

गोटीरामला त्या क्षणी पोर दिसली नाही. त्याला ड्रम दिसत होता, आणि ड्रमभोवती उभी असलेली भावकी. तो गोजराकडे वळला आणि ओरडला, "टाकलास ना मीठ? सांगतलेला ना तुला? अडानी ती अडानीच."

 गोजराने आधी त्या आत्याकडे पाहिलं, मग मनस्वीकडे. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "टाकला. चुकी झाली माजी."

मांडवानं श्वास सोडला. आत्या हसली. "अगो बाय, मिठानं व्हय? आमी म्हटला काय झाला." दुसरी म्हणाली, "विहीनबाय, पोरीला नजर लागू नये म्हून टाकलाव ना? जाऊ दे." कुणीतरी वाटीत हळदपूड नि खोबरेल कालवलं, उष्टी हळद होतीच, डीजे सुरू झाला. रात्री जेवणं व्यवस्थित झाली.

ती गोष्ट पुढे गावात चांगलीच मुरली. गोजराला "मीठवाली" म्हणू लागले, रागानं नाही, मस्करीत. आणि गोष्ट सांगायला सगळ्यात पुढे कोण, तर गोटीराम. बारशाला, साखरपुड्याला, सत्यनारायणाला, कुणी म्हटलं की सुरू व्हायचा. झाकण कसं काढलं, आत्याने पदर कसा लावला, आपण कसे ओरडलो. नक्कल करायचा. लोक पोट धरून हसायचे. गोजराही हसायची. ती मात्र पुन्हा पाट्यावर बसली नाही. एकदोघींनी सुरुवातीला विचारलं, तेव्हा तीच म्हणाली, "नको गो. माजा हात खारा हाय." नंतर विचारणं बंद झालं. बायका बाजारातून पाकिटं आणू लागल्या.

चार वर्षं अशी गेली. मग गोटीरामच्या धाकट्या भावाचा मुलगा तेजस, त्याचं लग्न ठरलं. भावजय अरुणा विचारायला आली, "दादा, तुमची ती क्रीमवाली हलद होईल काय? तेजसला पायजे. फकस्त वैनींना कोंडून ठेवा."

गोटीराम फुलला. "बनवतो. आवंदा बिनमिठाची. मंग बग."

पण या वेळी तो शहाणा झाला होता. आधी एक बरणी करून बघू म्हणाला. तेच मेण, तेच हलकं तेल, तेच सेंट. दाट, झेंडूच्या रंगाची. बरणी त्याने कपाटात वर ठेवली आणि किल्ली आपल्या कडदोऱ्याला बांधली. गोजराने ते बघितलं.

काही दिवसांनी कपाट उघडलं तर बरणीत वर तेल, मध्ये गोळे, खाली पाणी.

त्याने बरणीला दोष दिला. दुसरी केली, काचेची. तीही फुटली. मग तो बरणी पिशवीत घालून नेरूळला चारुलता मॅडमकडे गेला. त्याही रिटायर झाल्या होत्या, चौथ्या मजल्यावर राहत होत्या. त्यांनी चहा ठेवला, बरणी खिडकीशी नेऊन उजेडात फिरवली, झाकण उघडून वास घेतला.

"यात जाडं तेल घातलं नाहीत?"

"घरची हलद मॅडम. भेसळ नको म्हून."

मॅडमनी बरणी खाली ठेवली. "भेसळ? गोटीराम, इतकी वर्षं तुम्ही ती बादली भेसळ समजून ओतत होता?"

"मंग काय होती?"

त्या समोर बसल्या. "हे बघा. क्रीम दाट झाली म्हणजे थेंब एकमेकांना खेटून बसतात. मधली पाण्याची भिंत किती, तर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. आपल्याला वाटतं तेल आपल्या थेंबात बंद झालं. पण हे हलकं तेल, हे सेंट, पाण्यात अगदी किंचित विरघळतं. आणि किंचित विरघळतं म्हणजे त्याला वाट मिळाली. त्याचे कण भिंत ओलांडून शेजारच्या थेंबात जातात."

"दाट असली तरी?"

"दाट असली की जास्तच. शेजार जवळ आला ना. आणि जातात कुठे, तर लहान थेंबातून मोठ्यात. लहान थेंब आतून आवळलेला असतो, त्याला आपलं तेल धरून ठेवता येत नाही. तो रोडावत जातो, मोठा फुगत जातो. शेवटी लहान उरतच नाही, आणि मोठे एकमेकांत मिसळतात. झाली वेगळी."

गोटीरामने मान हलवली. हे त्याला न सांगता कळण्यासारखं होतं. त्याच्या आळीत बारकी बारकी घरं अशीच गेली होती, बाजूच्या बिल्डिंगमध्ये.

"जाडं तेल भिंत ओलांडू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक थेंबात ते थोडं असलं की ते तिथेच राहतं, आणि हलकं तेल जायला निघालं तरी त्याला मागे ओढतं. लहान थेंब रिकामा होत नाही. म्हणून ती बादली. मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

चहा गार झाला होता. त्याने विचारलं, "मॅडम, नि मिठानं?"

"मिठानं काय?"

"चिमूटभर मीठ पडला तर फुटंल ना ही?"

"हे मेण मिठाला दाद देत नाही. साबणावर बांधलेली क्रीम फुटते मिठानं. ती एक टाकी फुटली होती, ती तसली होती. यात चिमूट टाका, मूठ टाका, फार फरक नाही. का?"

"काय नाय," गोटीराम म्हणाला. बरणी तिथेच विसरून तो उठला. मॅडमनी जिन्यात हाक मारली तेव्हा परत येऊन घेऊन गेला.

नेरूळहून शिरवण्यापर्यंत तो चालत आला. वाटेत दोन रिक्षावाल्यांनी विचारलं, त्याने ऐकलं नाही. घरी गोजरा ओट्यावर करंदी, बारकी कोलंबी, सोलत बसली होती. तो समोर पाटावर बसला. बोलायचं कसं, याची सवय त्याला नव्हती.

"गोजरे. मिठानं नाय फुटलेली ती."

"ठाव हाय," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"कसा ठाव? मना आत्ता कलला."

"मी टाकलाच नव्हता. तुमी नको बोललाव ना."

पाठीमागच्या बिल्डिंगमधून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. गोटीरामने बरणी पायाशी ठेवली.

"मंग तवा टाकला का बोललीस?"

"तुमी बोललाव म्हून." तिने एक करंदी ताटात टाकली. "त्या बाया कशा बगत व्हत्या पोरीकडं, बगितलाव तुमी? नाय बगितलाव. तुमी ड्रम बगत व्हताव. हलद आपसूक फुटली असती तर ती पोरीच्या कपाली बसली असती. तुमी माज्यावर टाकलाव, बरा झाला. मना काय, मी म्हातारी. माजा काय मोडनार व्हता?"

"मी अडानी बोललो तुला. सगल्या गावासमोर."

"एकदाच बोललाव? चार वरसं बोलताव. नक्कल करून."

ती हे हसत म्हणाली, आणि त्यानेच त्याला जास्त लागलं. त्याने जमिनीकडे बघत म्हटलं, "तेजसच्या हलदीला सांगतो. मांडवात, सगल्यांना. शकुबाईला सांगतो, आत्याला सांगतो. चुकी माजी व्हती, तेल चुकला माजा."

आता मात्र गोजराने हात थांबवला.

"सांगा. मनस्वीला सातवा हाय. पैला राहिला नाय, तवा तिची सासू चार दिवस बोलत नव्हती, इसरलाव? ती बी मांडवात असंल. सांगा तिला, का बाय, हलद तुज्या सुनेची कुनी फोडली नव्हती, आपसूकच फुटली."

"आपसूक नाय गो. लहान थेंबातला तेल मोठ्या थेंबात..."

"मना सांगताव तुमी, मनाच कलत नाय. त्या बायांना कलंल? त्यांना येवडाच कलंल का मिठानं नाय फुटली. मंग कशानं फुटली ते त्या आपल्या मनानं ठरवतील."

त्याने बरणी पायानं पाटाखाली सरकवली. 

"नि तुजी हलद?" तो म्हणाला. "तुला कुनी बोलवत नाय."

तिने ओले हात त्याच्यापुढे केले. बोटांची पेरं गाठाळलेली, दोन बोटं बाजूला वळलेली. कधीपासून वळली होती, त्याला ठाऊक नव्हतं. "आता बोलवून काय करतील? जवा हात व्हतं तवा बोलवला नाय." आणि पुन्हा करंदी सोलायला लागली. थोड्या वेळाने तिने त्याच्यापुढे ताट सरकवलं, आणि तोही सोलू लागला. त्याचे मऊ हात त्या कामाला शिकलेले नव्हते, अर्धं मांस सालीबरोबर जात होतं. ती त्याच्या सालींतून ते पुन्हा काढून घेत होती.

अरुणाला त्याने निरोप दिला, क्रीम जमत नाही, तब्येत बरी नाही. अरुणाने पाकिटं आणली.

तेजसच्या हळदीला मांडव पुन्हा तसाच भरला. मनस्वी पोट सांभाळत खुर्चीत बसली होती, शेजारी तिची सासू, तिच्या मांडीवर हात ठेवून. गोजरा बायकांत खाली बसली. अरुणा हळदीचं ताट घेऊन आली आणि ओरडली, "गोजरावैनी, तुमी त्या कोपऱ्यात बसा हां. मिठाच्या डब्यापासून लांब." मांडव हसला. शकुबाईनेही टाळी दिली.

"दादा, सांगा ना ती गोष्ट," कुणीतरी म्हणालं. "नव्या सोयऱ्यांना सांगा."

"जाऊ दे रे," गोटीराम म्हणाला. "किती वेला तीच तीच."

"आता बगा, भाव खातंय. सांगा वो."

सगळे त्याच्याकडे वळले. मनस्वीची सासूही वळली. आता गप्प राहिलं तर का गप्प, हा सवाल आला असता. त्याने गोजराकडे बघितलं. तिने हनुवटी किंचित हलवली, सांगा.

तो सांगू लागला. ड्रम कसा आणला, झाकण कसं काढलं. आवाज आपोआप चढला, हात आपोआप हलले, इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट. आत्याने पदर लावला तिथे लोक हसले. मग तो स्वतःच्या ओरडण्यापाशी आला आणि तिथे त्याची जीभ उचलेना. तोंड उघडं राहिलं. लोकांना वाटलं, मुद्दाम थांबलाय, रंगत आणतोय.

"मंग मना काय बोललं, ठाव हाय?" बायकांतून गोजराचा आवाज आला, मोठा, हसरा. "अडानी ती अडानीच."

मांडव खो खो हसला. सासूने डोळे पुसले आणि मनस्वीच्या मांडीवर थोपटलं. गोटीरामही हसला, हसायलाच लागलं.